पाण्याखालची छाटणी

मत्स्यालयावरचं कोणतंही पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांतच सल्ला मिळतो: दर आठवड्याला टाकीतलं पाव हिस्सा पाणी बदला. नळाला रोज पाणी असलेल्या गावांसाठी हा सल्ला उत्तम आहे. धुळ्याने मात्र आठवड्याने, कधी त्याहूनही उशिरा येणारा नळ वर्षानुवर्षं अनुभवलेला आहे. जळगावला वाघूर धरण आहे, तरी पाणी घरात येतं ते एक-दोन दिवसांआड. एप्रिल-मे महिन्यांत ड्रममधलं पाणी माणसांना पुरवायचं, कूलरला पुरवायचं आणि त्यातूनच माशांसाठी दोन बादल्या काढायच्या म्हटलं की घरात कुरबुर होते आणि ती रास्तच असते. म्हणून खान्देशात टाकी ठेवणाऱ्याने पाणी बदलण्याच्या जोडीला आणखी एक काम अंगवळणी पाडून घ्यावं. टाकीत जिवंत वनस्पती भरपूर लावाव्यात आणि त्या वेळच्या वेळी छाटाव्यात.

टाकीतली छाटणी शोभेसाठी असते असं बहुतेकांना वाटतं. शोभा येतेच, पण छाटणीचं पहिलं काम पाणी साफ करण्याचं आहे, आणि जिथे पाणी तोलूनमापून वापरावं लागतं तिथे या कामाची किंमत सर्वांत जास्त.

माशांना घातलेल्या खाद्याचं पुढे काय होतं ते पाहू. खाद्यातल्या प्रथिनांमधला नायट्रोजन बव्हंशी माशांच्या कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. फिल्टरच्या स्पंजात वस्तीला असलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते आपणहून कुठे जात नाही, साठत राहतं आणि शेवाळाला खतपाणी घालतं. वनस्पती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषतात आणि त्यातून पानं, खोडं, मुळं घडवतात. इथवरची गोष्ट टाकी ठेवणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. पुढची मात्र विसरली जाते. पान जुनं झालं, सावलीत गेलं, कुजलं, की त्यातला सगळा नायट्रोजन परत पाण्यात येतो. वनस्पतीने तो काही आठवडे सांभाळून ठेवलेला असतो, एवढंच. तो टाकीबाहेर काढते ती कात्री.

किती निघतो, याचा ढोबळ हिशेब घरीही मांडता येतो. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींच्या ओल्या वजनात सुका भाग साधारण ५ ते १० टक्के असतो आणि त्या सुक्या भागात नायट्रोजन २ ते ४ टक्के. छाटलेला पाला झटकून १०० ग्रॅम भरला, तर त्यात सुका भाग धरा ८ ग्रॅम आणि नायट्रोजन पाव ग्रॅमच्या आसपास. पाव ग्रॅम नायट्रोजन म्हणजे एक ग्रॅमहून थोडं जास्त नायट्रेट. टाकी १०० लिटरची असेल तर या एका छाटणीने लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम नायट्रेट बाहेर गेलं. आता पाणी बदलण्याशी याची तुलना करा. लिटरमागे ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या टाकीतलं २० टक्के पाणी ओतून दिलं तर ८ मिलिग्रॅम कमी होतं. मूठ-दोन मुठी पाल्याने २० लिटर पाण्याचं काम केलं.

कुजत्या पानांची ही अडचण मत्स्यालयाच्या इतिहासातही अगदी सुरुवातीला भेटते. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. भांड्यातलं पाणी न बदलता मासे जगवायचे, वनस्पतीने प्राणवायू द्यायचा आणि माशांनी वनस्पतीला खाद्य द्यायचं, अशी ती मांडणी होती. त्यांनी गोल्डफिश ठेवले आणि व्हॅलिस्नेरिया लावली. काही काळाने व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजू लागली, पाणी खराब होऊ लागलं, आणि तो कुजका पाला खाण्यासाठी त्यांना तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडाव्या लागल्या. गोगलगायींनी पाला संपवला आणि प्रयोग सावरला. पण गोगलगायीने खाल्लेलं पान विष्ठेच्या रूपाने टाकीतच राहतं. वॉरिंग्टन यांच्या भांड्यात मासे मोजकेच होते म्हणून ते निभावलं. आपल्याकडे दोन फुटांच्या टाकीत डझनभर मासे असतात आणि घरातलं लहान मूल दिवसातून तीनदा खाद्य टाकतं. तिथे नुसत्या गोगलगायींवर भागत नाही.

आता कात्री कुठे चालवायची ते बघू. टाकीतल्या वनस्पतींचे छाटणीच्या दृष्टीने मुख्य दोन गट पडतात: उभ्या खोडाच्या आणि बुंध्यातून पानं काढणाऱ्या.

उभ्या खोडाच्या वनस्पतींत रोटाला, हायग्रोफिला, लिम्नोफिला, लुडविजिया, काबोंबा, हायड्रिला या येतात, आणि आपल्या ओलसर बांधांवर पसरणारी नीरब्राह्मीसुद्धा. बाजारात यांतल्या बऱ्याच विदेशी म्हणून विकल्या जातात, पण रोटाला, हायग्रोफिला, लिम्नोफिला यांच्या कित्येक जाती भारतातल्याच. यांच्या खोडावर जिथून पानं निघतात ते पेर, आणि दोन पेरांमधला उघडा भाग ते कांडं. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. शेंडा जोमात वाढतो तोवर हे डोळे निपचित पडून असतात, कारण शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरत राहतं आणि त्यांना दबवून ठेवतं. केनेथ थिमन आणि फोक स्कूग यांनी १९३० च्या दशकात घेवड्यासारख्या द्विदल रोपांवर हे दाखवून दिलं. शेंडा उडवला की डोळे फुटतात, आणि कापलेल्या जागी ऑक्झिन लावलं की ते पुन्हा गप्प बसतात. शेंड्याकडे जाणारी साखर मोकळी होऊन डोळ्यांना मिळणं हेही फुटव्याचं एक मोठं कारण असल्याचं अलीकडच्या संशोधनातून पुढे आलं आहे. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे प्रयोगशाळेतून शिकावं लागत नाही. कपाशी माजली, नुसती उंच जाऊ लागली, की तो शेंडे खुडतो आणि जोर फांद्यांकडे वळवतो. पाण्याखालच्या रोटालाला तोच नियम लागू पडतो.

खोड पाण्याच्या पृष्ठभागाला टेकून आडवं होऊ लागलं की छाटणीची वेळ आली असं समजावं. त्याहून उशीर केला तर वरचा पाला छत धरतो, खाली उजेड पोचत नाही, आणि खोडाची खालची पानं पिवळी पडून गळतात. मग उरतात उघड्या काड्या आणि वर झुंबर. कापताना पेराच्या लगेच वर कापावं. कांड्याच्या मधोमध कापलं तर वरचं अर्धं कांडं निकामी राहतं आणि सडत सडत पेरापर्यंत येतं. कात्री धारदार हवी, कारण बोथट पात्यांनी खोड कापलं जात नाही, चेंगरतं. लांब दांड्याची, टोकाशी वाकलेली स्टीलची कात्री मिळते, ती तळाशी कापायला सोयीची. लांब चिमटाही सोबत असू द्यावा.

दुपारच्या भरपूर उजेडात, दिवे लागून तीन-चार तास झाले असताना छाटणी करून पाहा. कात्री मिटते आणि कापलेल्या टोकातून बारीक बुडबुड्यांची माळ सुटते. एकामागून एक, अगदी नेमाने, कधी कधी कितीतरी वेळ. पाण्यातल्या वनस्पतींच्या खोडात हवेच्या लांब पोकळ्या असतात. पानांनी बनवलेला प्राणवायू त्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत पोचवला जातो, कारण तळाच्या गाळात मुळांना तो मिळत नाही. कात्रीने ती वाट मध्येच उघडी पडते. शाळेत काचेच्या नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून परीक्षानळीत प्राणवायू गोळा करतात तो प्रयोग याच पोकळ्यांवर चालतो. जगदीशचंद्र बोस यांनी प्रकाशसंश्लेषणाचा वेग मोजण्यासाठी हायड्रिलाच निवडली, तिच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद घेणारं उपकरण बनवलं आणि १९२४ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या तळ्यातल्या या साध्या पाणवनस्पतीने विज्ञानाला एवढं दिलं आहे, हे घरातल्या मुलांना जरूर दाखवावं. बुडबुडे मोजायला घड्याळ पुरतं.

कापलेल्या शेंड्याचं काय करायचं? तो फेकू नका, ते बेणं आहे. खालच्या दोन पेरांवरची पानं काढून टाका आणि ती पेरं वाळूत दोन-तीन सेंटिमीटर जातील अशी चिमट्याने तिरपी खोचा. त्या पेरांतून मुळं निघतात. एकेक खोड वेगळं लावा, मध्ये बोटभर अंतर ठेवा. दुकानातून जुडी आणली तर तिच्या बुडाशी शिशाची पट्टी गुंडाळलेली असते, ती आधी सोडा, कारण पट्टीखालचा भाग हमखास कुजतो.

जुना बुंधा जागेवर ठेवला तर त्याला एकाच्या जागी दोन-तीन फुटवे येतात आणि झुडूप भरदार होतं. पुढच्या वेळी आधीच्या कापाच्या थोडं वर कापायचं. असं तीन-चार वेळा केलं की बुंधा थकतो, फुटवे बारीक येऊ लागतात. मग बुंधे मुळासकट उपटावेत आणि शेंडे लावून नवी लागण करावी. माझ्या मते नवख्या माणसाने पहिल्या वर्षी हायग्रोफिला लावावी. ती भराभर वाढते, चुकीच्या जागी कापली तरी फुटते, आणि आपल्या पाण्यात आनंदाने राहते.

बुंध्यातून पानं काढणाऱ्यांची रीत निराळी. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोराइन, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड या वनस्पतींना वर शेंडा नसतोच, त्यांचा वाढीचा बिंदू बुडाशी असतो. व्हॅलिस्नेरियाची फितीसारखी पानं पृष्ठभागावर लोळू लागली की अनेक जण कात्री घेऊन सगळी पानं एका उंचीवर सपाट कापतात. आठ दिवसांत कापाच्या कडा तपकिरी होतात, तिथे शेवाळ धरतं आणि पान वरून खाली सडत येतं. लांब झालेलं पान कापायचं तर बुडापासून काढा. बाहेरच्या बाजूची, सर्वांत जुनी पानं आधी, मधलं कोवळं पान राखून.

व्हॅलिस्नेरियाची खरी छाटणी पानांची नसून पिलांची. ती वाळूखालून धावता तंतू सोडते आणि वितीच्या अंतरावर नवं रोप उभं करते, त्यापुढे आणखी एक. चांगल्या टाकीत एका पावसाळ्यात मागची भिंत हिरवी होते आणि मग ती पुढे सरकू लागते. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत काय करतात ते आठवा. घडाचं मातृखोड वाढत असताना भोवती फुटणारी पिलं नियमाने कापून काढतात, म्हणजे अन्न वाटलं जात नाही. टाकीतही पुढे आलेली पिलं तंतू कापून उचलावीत. रोपाला चार-पाच पानं आणि स्वतःची मुळं आलेली असतील तर ते दुसरीकडे लावता येतं. त्याआधी तोडलं तर बहुतेकदा जगत नाही.

क्रिप्टोकोराइनला हात कमी लावावा. कोकणातल्या नद्यांच्या काठी हिच्या काही जाती रानात वाढतात. टाकीत मात्र ती बदलाला फार हळवी असते. एकदम पुष्कळ पानं कापली, जागा हलवली किंवा पाणी अचानक बदललं तर उरलेली पानंही दोन-चार दिवसांत विरघळून जातात. मुळं शाबूत असली तर ती काही आठवड्यांनी नव्याने फुटते, म्हणून घाईने उपटून टाकू नये, फक्त विरघळलेला पाला तेवढा काढून घ्यावा. अनुबियास आणि जावा फर्न यांचं काम सोपं आहे. आडवं खोड दगडाला किंवा लाकडाला बांधलेलं असतं, जुनं पान देठासकट खोडाशी कापायचं, आणि खोड वाळूत पुरायचं नाही. मॉस महिन्या-दोन महिन्यांनी कात्रीने वरवर भादरावं आणि सुटलेले कण लगेच जाळीने काढावेत, नाहीतर ते फिल्टरच्या तोंडाशी जाऊन बसतात.

नव्या रोपांची पहिली छाटणी ही एक वेगळीच गोष्ट आहे आणि ती माहीत नसल्याने पुष्कळांचा हिरमोड होतो. रोपवाटिकांमध्ये यांतल्या बऱ्याच वनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, कारण तिथे वाढ लवकर होते आणि शेवाळ लागत नाही. अशी रोपं टाकीत बुडवली की हवेतली जाड पानं एकेक करून गळतात. रोप मेलं असं वाटतं. प्रत्यक्षात ते पाण्यातली पातळ, लांबट पानं काढायच्या तयारीत असतं. जुनी पानं पिवळी पडतील तशी काढत जावी आणि शेंड्याला पाण्यातली नवी पानं चार-पाच आली की तेवढा शेंडा कापून नव्याने लावावा. हल्ली टिश्यू कल्चरची पाणरोपंही बंद डब्यांत मिळतात. जळगावकराला टिश्यू कल्चर समजावून सांगायला नको. जैन उद्योगसमूहाच्या प्रयोगशाळांत वाढलेली ग्रँड नैन केळीची रोपं जिल्ह्यातल्या शेतांत केव्हाच रुळली. डब्यातल्या पाणरोपांची रीतही तीच: निर्जंतुक जेलमध्ये वाढलेली, गोगलगायी आणि शेवाळापासून मुक्त. लावण्यापूर्वी कोमट पाण्यात जेल पूर्ण धुऊन काढावी, ती चिकटून राहिली तर बुरशी धरते. रोप लहान असल्याने त्याला पहिले काही आठवडे कात्री लावू नये.

आता आपल्या पाण्याकडे वळू. खान्देशचा मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर बसलेला, आणि त्यातून मुरून विहिरीत, बोअरमध्ये येणारं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. चहाच्या पातेल्यात पांढरा थर धरतो तो त्याचाच. हाच थर टाकीत वनस्पतींच्या पानांवर येतो, आणि त्याला बहुतेक जण रोग समजतात.

तो थर वनस्पती स्वतः तयार करते. दिवे लागल्यावर ती आधी पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वापरते. तो संपत आला की हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या वनस्पती बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेऊ लागतात. त्यात पानाभोवतीच्या पाण्याचा सामू चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट पानावर बसतं. व्हॅलिस्नेरियाचं एखादं जुनं पान कापून बोटांत घ्या. ते बारीक रव्यासारखं खरखरीत लागेल. ते बशीत ठेवून वर लिंबाचा थेंब पाडा, थर फसफसून विरघळेल आणि खालून हिरवं पान दिसेल. असं चुना बसलेलं पान उजेड नीट घेऊ शकत नाही आणि त्यावर शेवाळही लवकर चिकटतं. म्हणून आपल्याकडे जुनी पानं काढण्याचं काम मऊ पाण्याच्या प्रदेशातल्यापेक्षा अधिक वेळा करावं लागतं. काबोंबाला बायकार्बोनेट वापरताच येत नाही. त्यामुळे बोअरच्या पाण्यात ती खंगत जाते आणि कितीही छाटली तरी भरत नाही. तिच्यावर पैसे खर्चण्याऐवजी हायग्रोफिला, व्हॅलिस्नेरिया, नीरब्राह्मी घ्यावी.

जडपणावर छाटणीचा इलाज नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी बसतं. कोरड्या उन्हाळ्यात, उघड्या टाकीतून दिवसाला अर्धा-पाऊण लिटर सहज उडून जातं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात. महिनाभरात २० लिटर भर घातली आणि ते पाणी ५०० टीडीएसचं असलं, तर टाकीत १० ग्रॅम क्षार नव्याने जमा झाले. कात्री नायट्रेट बाहेर काढते, हे क्षार काढत नाही. त्यासाठी रोजची भर आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावी आणि अधूनमधून थोडं पाणी बदलावं. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र टाकीत ओतू नये, त्यात क्षार उलट जास्त असतात.

खान्देशात छाटणीचं वेळापत्रक ऊन ठरवतं. पाणी जेवढं तापतं तेवढा त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.५ आणि ३५ अंशांना जेमतेम ७. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पंखा नसलेल्या खोलीतल्या टाकीचं पाणी ३२-३३ अंशांना पोचतं. दिवसा वनस्पती प्राणवायू देतात, पण रात्री त्या माशांसारख्याच तो घेतात. टाकी गच्च वाढलेली, पाणी तापलेलं, आणि पहाटे वीज गेल्याने एअर पंप बंद, असं तिन्ही एकदम आलं की सकाळी मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसतात.

म्हणून वर्षातली मोठी छाटणी होळीच्या आत उरकावी. थंडीत टाकीचं पाणी २० अंशांखाली जातं, धुळ्यात तर त्याहूनही गार होतं, आणि वाढ मंदावते. त्या दिवसांत जास्त कापलं तर जखमा लवकर भरून येत नाहीत, फुटवा रेंगाळतो आणि मोकळ्या जागेचा फायदा शेवाळ घेतं. संक्रांतीनंतर वाढ पुन्हा जोर धरते. तेव्हापासून दर आठ-दहा दिवसांनी एकेक कोपरा घ्यावा. एका वेळी टाकीतल्या हिरव्या भागाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त काढू नये. त्याहून जास्त काढलं तर अमोनिया आणि नायट्रेट शोषायला पुरेशी पानं उरत नाहीत. छाटणीनंतर दोन-तीन दिवस खाद्य निम्म्यावर आणावं आणि दिवे तास-दोन तास कमी लावावेत.

आखाजीपासून पाऊस पडेपर्यंत मोठं काही करू नये. पृष्ठभागावर पसरलेली पानं मात्र काढत राहावं, कारण उघड्या पृष्ठभागातूनच हवेतला प्राणवायू पाण्यात उतरतो. त्या काळात सुटलेला एकेक तुकडा जाळीने वेचून काढणं हे छाटण्याइतकंच महत्त्वाचं आहे. तापलेल्या पाण्यात कुजणारा पाला प्राणवायू झपाट्याने खातो. टाकीवर तिरपा लहान पंखा लावला तर आपल्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, कूलरचं तत्त्व तेच. पाणी जास्त उडेल, पण मासे वाचतील. जुलै-ऑगस्टमध्ये हवा सावरते, वाढ परत येते, आणि पोळ्याच्या सुमारास दुसरी मोठी विरळणी करता येते.

एक धोका शेतकरी घरांत विशेष असतो. कपाशीवर फवारणी करून आलेला हात, किंवा औषधाची पुडी फोडलेली कात्री, टाकीत जाता कामा नये. कपाशीवर मारली जाणारी सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना अतिशय थोड्या मात्रेतही मारतात. टाकीची कात्री आणि चिमटा वेगळे ठेवावेत आणि दुसऱ्या कशालाही वापरू नयेत. हात साबण लावून धुतल्यावर भरपूर पाण्याने खळखळून घ्यावेत. टाकीत हात घालण्याआधी हीटर आणि पंपाचे प्लग काढून ठेवावेत.

छाटलेला पाला कुठे टाकता, यावर घराबाहेरच्या पाण्याचं पुष्कळ काही अवलंबून आहे. त्याबाबत मला आग्रहाने बोलायचं आहे. टाकीतला पाला मेहरूण तलावात, नकाण्याच्या तळ्यात, पांझरेत, गिरणेत किंवा घरामागच्या नाल्यात कधीही टाकू नका. हायड्रिलाचा एक पेराचा तुकडाही नवं झाड उभं करू शकतो. १९५० च्या दशकात ती श्रीलंकेहून मत्स्यालयाच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली, तिथल्या पाण्यात सुटली, आणि आज अमेरिकेत ती सर्वांत त्रासदायक पाणतणांपैकी एक आहे. आपल्याकडची हायग्रोफिला पॉलिस्पर्मा त्याच मार्गाने गेली आणि तीही तिथल्या केंद्रीय तण-यादीत आहे. आपल्या नद्यांत या जाती मुळातल्याच आहेत, तिथे त्यांना खाणारे किडे आणि मासे आहेत. धोका आहे तो उलट्या दिशेच्या पाहुण्यांचा. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेली जलपर्णी महाराष्ट्रातल्या कित्येक नद्या-तळ्यांवर पसरली आहे. उजनीच्या जलाशयात घरगुती टाक्यांतून गेलेला सकर मासा कोळ्यांच्या जाळ्यात सापडतो, आणि त्याला बाजार नाही. अमेरिकेतली काबोंबा, लुडविजिया किंवा स्वोर्ड आज आपल्या टाकीत माफक वाटते. हतनूरच्या फुगवट्यात उथळ, गाळाचं, उबदार पाणी आहे आणि हिवाळ्यात तिथे दूरदेशीची बदकं उतरतात. अशा ठिकाणी या वनस्पती पोचू नयेत, याची जबाबदारी टाकी ठेवणाऱ्याचीच आहे.

पाला गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरावा. खान्देशच्या उन्हात दोन दिवसांत त्याचा चुरा होतो. पावसाळ्यात चार-पाच दिवस लागतात. पूर्ण वाळल्यावर तो कुंडीतल्या मातीत मिसळावा. नायट्रोजनबरोबर फॉस्फरस आणि पोटॅशही जातं, त्यामुळे गुलाबाला आणि मिरचीला मानवतं. बेणं दुसऱ्याला द्यायचं तर आधी तीन-चार दिवस वेगळ्या बादलीत ठेवून गोगलगायींची चिकट अंडी पानांच्या खालून खरवडून काढावीत, ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घालावं, आणि घेणाऱ्याला वनस्पतीचं नाव सांगावं, म्हणजे त्यालाही ती कुठे कापायची ते कळेल.